नऊशे सातमधून कोण बोलतंय

१

मी माणसं तोंडावरून ओळखत नाही, घशावरून ओळखतो.

आमच्या इमारतीला चौदा मजले, मजल्याला आठ घरं, म्हणजे एकशे बारा. शाळा सातवीत सुटली, पण एवढा पाढा येतो. इमारतीतली माणसं गाडीतून तळघरात शिरतात, तिथूनच लिफ्टने वर जातात, सकाळी तशीच उतरतात नि तशीच बाहेर पडतात. गेटवरच्या माझ्या केबिनसमोरून काळ्या काचा तेवढ्या सरकतात. आत साहेब आहे की साहेबांचं कुत्रं, देव जाणे.

पण खाली कुणी पाहुणा आला, पार्सलवाला आला, की मला वर इंटरकॉम लावावा लागतो. वरून घरच्या माणसाने आपल्या तोंडाने 'पाठवा' म्हटल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, असा नियम. एकोणीस वर्षं मी हे 'पाठवा' ऐकतोय. बाराशे एकचे वकील 'पाठवा' म्हणतात ते जामीन दिल्यासारखं. सहाशे दोनमध्ये इमारतीचे सेक्रेटरी राहतात. ते आधी खाकरतात, मग थांबतात, मग परत खाकरतात. इमारतीचा कारभारही तसाच चालतो. चारशे तीनच्या आजी शेवटचा 'वा' एवढा लांबवतात की पाहुणा त्यांच्या दारात पोचला तरी माझ्या कानात 'वा' चालूच. एकट्या असतात. फोन ठेवायचं जिवावर येतं बिचारीच्या.

हे सगळे आवाज मला काढता येतात. उगाच बढाई मारत नाही. एकदा सेक्रेटरींच्या आवाजात वकिलांना फोन केला, म्हटलं तुमच्या कुत्र्याबद्दल तक्रार आली आहे. वकिलांकडे कुत्रा नाही. तरी त्यांनी दोन पानी लेखी खुलासा पाठवला! तो मी जपून ठेवलाय. फार कंटाळा आला की वाचतो.

इमारतीने माझं नाव पोपटराव ठेवलंय. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. केबिनच्या मागे पाण्याच्या पंपाशेजारी माझी खोली. पंप चालू झाला की खाट थरथरते, तेवढीच सोबत.

२

मंगळवार होता, दुपारी तीनचा सुमार. त्या वेळी इमारतीत फक्त फ्रीज जागे असतात. आमचा प्लंबर पाचव्या मजल्यावरचा पाइप दुरुस्त करून, म्हणजे तो आणखी जोरात गळेल अशी नीट व्यवस्था करून, माझ्याकडे चहा पीत बसला होता. हा माझा एकुलता एक मित्र. मित्र म्हणजे, चहा माझा असतो.

तेवढ्यात इंटरकॉमच्या पाटीवरचा नऊशे सातचा दिवा लागला.

नऊशे सातमध्ये कुणी राहत नाही. राहत होतं नि मेलं, असलं काही नाही, उगाच कान टवकारू नका. तिथे कुणी राहायलाच आलं नाही. घेणाऱ्याने घर घेतलं, कुलूप लावलं, चावी माझ्या खिळ्यावर टांगली आणि जो परदेशी गेला तो गेलाच. एकोणीस वर्षांत त्या दाराशी फक्त जाहिरातीचे कागद गेले असतील.

मी बटण दाबलं. "गेट."

आधी काहीच नाही. मग कुणीतरी श्वास घेतला, बसल्याजागी घेतात तसा, लांब.

"काय, बसलात का दुपारचे?"

"कोण बोलतंय?"

"काही नाही. सहज केला."

दिवा विझला. प्लंबर माझ्याकडे बघून हसत होता. माझा एक कान अधू आहे, म्हणून मी स्पीकर लावूनच बोलतो. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मानलं काका तुम्हाला. तोंड मिटून कसं काय जमवलंत?"

"काय जमवलं?"

"फोन तुम्ही, उत्तर तुम्ही. आवाज तुमचाच होता की."

"तो? तो फाटका भोंगा?"

"फाटका भोंगाच. तुमचाच. इमारतीत दुसरा आहे का असा?"

मी हसलो. माणसाला दुसऱ्याचा आवाज कानातून ऐकू येतो आणि स्वतःचा हाडांतून, असं कुणीसं मला सांगितलं होतं. म्हणून स्वतःचा आवाज कुणाला माहीत नसतो. मी एकशे अकरा घरांचे घसे पाठ केले, हा एक कधी ऐकलाच नव्हता. कोण ऐकतं स्वतःला?

संध्याकाळी वायरमन आला. त्याने पाटी उघडली, फुंकर मारली, म्हणाला, "लाइनमध्ये ओल गेली असेल."

असेल. ओलीमुळे दिवा लागतो, हे मला पटतं. पण ओल 'बसलात का' विचारत नाही.

३

दोन दिवसांनी चारशे तीनमध्ये पार्सल आलं म्हणून फोन लावला.

"पोपटराव," आजी म्हणाल्या, "आज लवकर केलात? अजून चार वाजायचेत."

"पार्सल आलंय आजी."

"ते राहू द्या. तुम्हीच म्हणालात ना काल, सगळं एका दमात सांगू नका, थोडं उद्याला ठेवा. म्हणून मी मोठ्या दिराचं राखून ठेवलंय. आता सांगू की चारला सांगू?"

मी आजींशी चारला बोलत नाही. कधीच बोललो नाही. खरं सांगतो, त्यांचा 'वा' सुरू झाला की मी रिसीव्हर टेबलावर पालथा टाकतो, चहा पितो आणि परत येऊन 'हो हो' म्हणतो.

"चारला सांगा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग एकेक बाहेर यायला लागलं. बाराशे एकचे वकील स्वतःहून फोनवर आले, आणि जामीन न देता बोलले. म्हणाले, "बायकोला दवाखान्यात ठेवलं होतं. एवढ्या इमारतीत चौकशी तुम्ही एकट्याने केलीत. विसरणार नाही." मला तर त्यांना बायको आहे हेच माहीत नव्हतं. सेक्रेटरी एकदाच खाकरले, दुसऱ्यांदा खाकरायचं विसरून म्हणाले, "पोपटराव, हल्ली तुम्ही माणसात आलात हो."

काय बोलू! चोर घरात शिरून भांडी नेतो, हे ठाऊक होतं. हा कोण, जो माझ्या नावावर पुण्य जमा करत सुटला होता? आणि तेही माझ्यापेक्षा बरं करत होता, हे जास्त झोंबलं.

प्लंबरला सांगितलं. तो म्हणाला, "वय झालं काका. करत असाल आणि विसरत असाल."

ते मी तपासून पाहिलं नाही असं नाही. शुक्रवारी पावणेचारला मी केबिनला बाहेरून कुलूप लावलं, समोरच्या बाकावर जाऊन बसलो आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिलो. तोंडही घट्ट मिटलं. जाणारे येणारे म्हणत असतील, म्हाताऱ्याला दाढदुखी आहे. काचेतून पाटी दिसत होती. चारला नऊशे सातचा दिवा लागला. त्याच्या पाठोपाठ चारशे तीनचा लागला. दोन्ही दिवे चाळीस मिनिटं जळत होते.

४

आता लेकीचं सांगतो. सांगायचं नव्हतं.

माझी लेक दुसऱ्या शहरात असते. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो. बरे आहात ना? हो. गोळ्या घेता ना? हो. ठेवते. पाच मिनिटं. पाचाची सहा होत नाहीत, आणि हे माझंच कर्म.

बायको गेली त्याला सहा महिने झाले होते. लेकीचा वाढदिवस आला. मला वाटलं, पोर डोळे गाळत बसली असेल, जरा हसवू. फोन लावला आणि तिच्या आईच्या आवाजात म्हटलं, "उठलीस का गं, राणी?" हुबेहूब. आयुष्यात तेवढा चांगला आवाज मी कधी काढला नाही.

ती म्हणाली, "आई?"

आणि बोलायला लागली. मिनिटभर बोलली. काय बोलली ते मी कुणाला सांगणार नाही. मग मला हसू फुटलं. खरं तर काय फुटलं ते मलाच कळलं नाही, पण घशातून निघालं ते हसूच.

तीन वर्षं तिने माझा फोन उचलला नाही. मग पाच मिनिटांवर आलो. त्या पाच मिनिटांत मला कधी 'चुकलो' म्हणता आलं नाही. तोंड उघडलं की थट्टाच बाहेर पडायची. बैलाला दुसरा रस्ताच ठाऊक नसतो तसं.

त्या रविवारी अकराला फोन आला तर ती हसत होती.

"बाबा, परत मीच केला. राहवलं नाही."

"परत?"

"म्हणजे सकाळी पाऊण तास बोललो, त्याने पोट भरलं नाही माझं. गेटच्या नंबरवरून केलात, मला वाटलं कुणी परकंच असेल, उचलणार नव्हते."

मी खाटेवर बसलो.

"किती वर्षं वाट बघितली मी. तुम्ही एकदा म्हणाल म्हणून. आणि आज म्हणालात, तेही एवढं नीट. मी रडले नंतर. चांगलं रडले हो. ते जाऊ दे. बुधवारी बारापर्यंत येते मी गाडी घेऊन. सामान भरून ठेवा. त्या पंपाच्या खोलीत आता एक दिवस राहायचं नाही. तुमच्यासाठी खिडकीची खोली रिकामी केली आहे."

पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? आनंद! नाक घासलं दुसऱ्याने, आणि लेक मिळाली मला. असा सौदा कुणी सोडेल? मी म्हटलं, "येतो की. आत्ता निघू?"

ती खळखळून हसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, एकदा परत म्हणा ना. सकाळी म्हणालात तसं."

मला कुठे माहीत काय म्हणालो ते!

"अगं, ते आता शिळं झालं," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी ताजं देतो."

ती गप्प झाली. फोनवरची शांतता मला कळते, धंदाच आहे माझा. ही जुनी शांतता होती, तीन वर्षांची.

"सकाळी किती वेगळे होतात तुम्ही," ती म्हणाली.

"घसा बसलाय गं."

"हो. आवाज पण तुमच्यासारखा लागत नाही."

खरं सांगून टाकायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. काय सांगू? 'पोरी, सकाळी बोलला तो मी नव्हतो. दुसरंच कुणीतरी तुझ्या बापाचा आवाज काढून बोललं.' हे तिला सांगायचं? आणि तेही मी?

५

सोमवारपासून मला कुणी ओळखेना.

वर फोन लावला की, "कोण?"

"गेट."

"गेटवर पोपटराव असतात. तुम्ही कोण, नवीन?"

सेक्रेटरींनी तर दोनदा खाकरून माझी तक्रार माझ्याकडेच नोंदवली. म्हणाले, "पोपटरावांना सांगा, गेटवर कुणीतरी भलताच माणूस फोन उचलतो."

बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे मी एकोणीस वर्षं पेपर घेतो. रोज लांबूनच ओरडतो, "आज कोण मेलं रे?" आणि तो ओरडतो, "तुम्ही सोडून सगळे!" त्या दिवशी मी ओरडलो तर त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, आणि गिऱ्हाईक करायला लागला. जवळ गेलो. "नवीन आलात का या भागात?" त्याने विचारलं. चेष्टेत नाही, आदराने विचारलं.

रस्त्यावर ही गर्दी. खांद्याला खांदा घासून हजार माणसं गेली असतील. मी तिथे उभा राहून आठवायला लागलो, माझं तोंड माहीत असलेला एक तरी माणूस या शहरात आहे का? प्लंबर. बस. इथेच बोटं संपली.

डॉक्टरकडे गेलो. त्याने बॅटरी मारून घसा पाहिला. "एकदम स्वच्छ आहे," म्हणाला. "काहीच नाही आत."

तीच तर भीती, डॉक्टर.

मंगळवारी संध्याकाळी आरशासमोर उभा राहिलो. ठरवलं की कुणाचाही आवाज काढायचा नाही, आपल्या आवाजात एक शब्द म्हणायचा. 'मी.' एवढाच. पहिल्यांदा वकील निघाले. दुसऱ्यांदा आधी खाकरणं आलं, मग शब्द. तिसऱ्यांदा जो आवाज निघाला तो कुणाचा हे मला लवकर आठवेना. मग आठवलं, माझ्या शाळेतल्या गुरुजींचा. म्हणजे सुरुवातच तिथून होती. त्याच्या आधीचा माझा आवाज कसा होता, हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही.

मी सामान भरायला घेतलं. लेक तोंड ओळखेल. आवाजाचं नंतर बघू. एका माणसाचं सामान ते केवढं! अर्ध्या तासात आवरलं आणि मग उगाच खाटेवर बसून राहिलो. दमलो होतो. काहीही न करता माणूस एवढा दमतो, हे मला ठाऊक नव्हतं.

६

बुधवारी साडेअकराला नऊशे सातचा दिवा लागला, आणि विझेना.

मी उचलला नाही. तो जळत राहिला. प्लंबर म्हणाला, "घ्या की काका."

"नाही घेत."

"मग बंद तरी करा."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. लेक बारापर्यंत येणार. ती इथे केबिनमध्ये उभी असताना हा दिवा लागला आणि तिने उचलला तर? दोन बाप झाले की त्यातला कोणता ठेवावा, हे पोरीला विचारायची पाळी यायला नको. शिवाय कोणता ठेवेल, हे मला माहीत होतं.

खिळ्यावरची चावी घेतली. प्लंबरला म्हटलं, "इथे बस. लेक आली तर थांबव. मी वर जाऊन वायर तोडून येतो."

"पक्कड न्या माझी. नाहीतर दातांनी तोडाल."

हे त्याने माझ्याशी शेवटचं बोललेलं वाक्य. वाईट नव्हतं.

लिफ्टमध्ये एक बाई होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मोबाइलमध्ये बघितलं. त्या आठव्यावर उतरल्या.

नऊशे सातचं कुलूप एका फेऱ्यात उघडलं. एकोणीस वर्षांचं कुलूप जरा तरी कुरकुरतं. हे कुरकुरलं नाही.

आत काहीच नव्हतं. रिकामी खोली, सिमेंटचा वास, काचांवर बिल्डरने चिकटवलेला पिवळा कागद, त्यातून येणारा आजारी उजेड. फरशीवर बोटभर धूळ. खालच्या रस्त्याचा आवाज इथवर येत होता, पण आटून, भांड्यात पाणी उकळून संपत आल्यावर येतो तसा. इंटरकॉम समोरच्या भिंतीवर होता, रिसीव्हर जागच्या जागी.

सगळ्या खोलीत धूळ होती. फक्त इंटरकॉमच्या खाली, दोन पावलांपुरती फरशी स्वच्छ होती. स्वच्छ म्हणजे झाडलेली नव्हे, झिजलेली. कुणी तासन्‌तास उभं राहून, या पायावरून त्या पायावर भार टाकत बोलत असावं, तशी. आणि भिंतीवर, रिसीव्हरच्या जरा वर, तेलकट डाग होता. डोकं टेकून टेकून पडतो तो. ताडून बघायची मला हौस नव्हती. पण वायर इंटरकॉमच्या मागे होती, मला वाकावं लागलं. माझं कपाळ त्या डागावर बसलं, बरोब्बर, झाकण डब्यावर बसावं तसं.

भिंत कोमट होती.

ऊन येत असेल, मी मनाशी म्हटलं. ऊन पलीकडच्या भिंतीवर होतं.

पक्कड वायरला लावली. मग वाटलं, तोडण्याआधी प्लंबरला विचारावं, लेक आली का. एवढाच विचार होता. मी रिसीव्हर उचलला नि गेटचं बटण दाबलं.

७

"गेट," तिकडून आवाज आला.

फाटका भोंगा. पण या वेळी मी त्याला ओळखलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला तो बाहेरून ऐकू आला, दुसऱ्या माणसाचा ऐकू यावा तसा, आणि माझ्या मनात आलं, अरे, काय साधा आवाज आहे हा. याचं आपण एवढी वर्षं काय केलं?

त्याच्यामागे कुणीतरी बाई हसत होती. "चला ना बाबा, आता कसला फोन!"

माझी लेक.

मी ओरडायला तोंड उघडलं. वकील आले. मग सेक्रेटरी आले, खाकरून. मग वायरमन. मग घशाच्या तळातून एक आवाज वर यायला लागला आणि तो कुणाचा आहे हे मला जिभेवर यायच्या आधी कळलं. बायकोचा. मी तोंडावर हात दाबला. तो एक आवाज त्या फोनमधून तिला परत ऐकू जाणार नव्हता, मग काहीही होवो.

"कोण बोलतंय?" त्याने विचारलं. चिडून नाही.

मी हात तोंडावरून काढला नाही.

"ठेवू नका," तो म्हणाला. "बोलवत नसेल तर नका बोलू. वर बसायला काही नाही ना? जमिनीवर बसा. भिंतीला टेका. उभ्याने बोललं की पाय भरून येतात."

मी बसलो. काय सांगू, मी खरंच बसलो.

"हं," तो म्हणाला. "आता सांगा."

आणि मी सांगितलं. आवाज चारशे तीनच्या आजींचा निघाला, पण शब्द माझे होते. पंपाचं सांगितलं, पेपरवाल्याचं सांगितलं. बायको गेल्यावर मी तिच्या साड्या कुणाला दिल्या ते सांगितलं. तो वाढदिवसाचा फोन मी चेष्टेसाठी केला नव्हता. मलाच तो आवाज एकदा घरात ऐकायचा होता, आणि ऐकवायला दुसरं कुणी नव्हतं, हे सांगितलं. हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तो मध्येमध्ये 'हं' म्हणत होता. टेबलावर पालथ्या टाकलेल्या रिसीव्हरमधून 'हं' येत नाही. हा ऐकत होता.

"तिला ठाऊक आहे ते," तो म्हणाला. "रविवारी सांगितलं मी."

मागून लेक म्हणाली, "कोण आहे हो बाबा? कुणी आजारी आहे का?"

"एकटं आहे कुणी," तो तिला म्हणाला. "दोन मिनिटं थांब."

ती थांबली. माझ्यासाठी ती पाच मिनिटांच्या वर कधी थांबली नव्हती.

मग तो मला म्हणाला, "बरं, निघू मी? लेक उभी आहे."

त्याने विचारलं, हे लक्षात घ्या. नुसतं सांगितलं नाही. मी नको म्हटलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. आजींच्या आवाजात मी म्हटलं, "निघा."

फोन बंद झाला. माझं डोकं हलकं झालं होतं, ताप उतरल्यासारखं. मला बरं वाटत होतं. त्या खोलीतली कुठली गोष्ट भयंकर असेल, तर ही.

मी खिडकीशी गेलो आणि पिवळ्या कागदाचा कोपरा फाडला.

नऊ मजले खाली फाटक. लेक बाहेर आली. केस पिकलेत तिचे. मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या एका हातात माझी बॅग, दुसरा हात एका म्हाताऱ्याच्या दंडाला. माझी पाठ मी कधी पाहिली नव्हती. जरा डावीकडे झुकते. सदरा काल रात्री मी बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता तोच. प्लंबर फाटक धरून उभा होता. तो काहीतरी म्हणाला, म्हाताऱ्याने उलट काहीतरी म्हटलं, आणि तिघं हसले. लेक तर पोटावर हात धरून हसली.

मग गाडीचं दार उघडता उघडता ती थांबली आणि तिने मान वर केली. वर कोण एकटं आहे ते बघावं, असं वाटलं असेल. तिची आई अशीच. नजर एकेक मजला चढायला लागली. चौथा. पाचवा. सहावा.

म्हाताऱ्याने वर बघितलं नाही.

माझ्या घशात तेव्हा एकच आवाज तयार होता. तो मी नवव्या मजल्यावरून टाकला असता तरी हजार गाड्यांच्या गोंगाटात तिने ओळखला असता. सातवा. आठवा.

मी मागे सरलो आणि कागदाचा फाटका कोपरा होता तिथे दाबून धरला. खालच्या गोंगाटात तिची गाडी कोणती हे ओळखू येईनासं झालं, तोवर धरून ठेवला.